मिसरी सोडली, पायरी नाही

२० जानेवारी, सोमवार

मिसरी बंद! आजपासून. कायमची.

शनिवारी अंबाजोगाईला दवाखान्यात गेले होते. गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे. मला वाटत होतं तोंड आलंय, जाईल आपोआप. डॉक्टरीणबाई माझ्या पोरीपेक्षा, संस्कृतीपेक्षा, जेमतेम पाच-सात वर्षांनी मोठी. म्हणाली, "मावशी, मिसरी आजच सोडा. महाशिवरात्र झाली की परत या. चट्टा गेलेला असला तर बरं. राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू." कशासाठी तपासायचा ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघींना माहीत होतं.

आल्यावर दोन दिवस लावलीच. "आजच" म्हणजे सोमवार, असं मनाशी ठरवून टाकलं.

संस्कृती म्हणते, "मम्मी, रोज लिहीत जा, लिहिलं की सवय टिकते." तिच्या मोबाईलात त्याचं ॲप आहे. पाणी पिलं की हिरवी खूण, अभ्यास केला की हिरवी खूण. बारावीचं वर्ष, आणि अभ्यासापेक्षा खुणाच जास्त! ही डायरीही तिचीच, गेल्या सालची. सगळी कोरी. म्हणजे तिची सवय किती टिकली ते दिसतंच आहे.

२१ जानेवारी

डोकं ठणकतंय. घरातल्या सगळ्यांवर खेकसले. म्हशीवरसुद्धा.

२३ जानेवारी

पोट साफ नाही. हे लिहायला लाज वाटते, पण सांगू कुणाला?

मिसरी मला आईने लावायला शिकवली. दाढ दुखत होती म्हणून. दाढ केव्हाच पडली, मिसरी राहिली.

२५ जानेवारी

शेजारची मुक्ताबाई आली. हळदी-कुंकवाचं बोलावणं द्यायला म्हणून आली आणि पदराखालून पुडी काढली. आजच तव्यावर भाजलेली, अजून कोमट. "एवढीशी लाव. चिमटीनं काय हुतंय?"

मी हात पाठीमागे घेतले. खरंच, लहान पोरीसारखे. तर तिला राग आला, जसं काही मी तिच्या घरचं कुंकूच नाकारलं. "लईच शानी झालीस गं अंबाजोगाईला जाऊन," म्हणाली.

शहाणी नाही झाले. भ्याले आहे.

२८ जानेवारी

आज एक गोष्ट उमजली. लिहून ठेवते, नाहीतर उद्या कामात विसरेन.

रोज धार काढून झाली की मी मागच्या पायरीवर मिसरी लावत बसायचे. बावीस वर्षांच्या संसारात तेवढ्या वेळात मला कुणी हाक मारलेली आठवत नाही. मारून उपयोगच काय? तोंड भरलेलं, बोलता येत नाही, हात खरकटा. मिसरी लावणाऱ्या बाईला कुणी काम सांगत नाही.

आज तशीच बसले, बिनमिसरीची. टेकले न टेकले तोच आतून ह्यांची हाक, "रिकामीच हायस तर चहा टाक." मग संस्कृती, "मम्मी, माझी ओढणी कुठंय?" मग परत हे, मोटारीची चावी. तिकडे लिंबाखाली आत्याबाई, माझी सासू, आमच्याकडे पाठ करून निवांत मिसरी घाशीत बसलेल्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला तीनदा उठवलं.

तलफ मिसरीची आहेच. पण बसण्याची जास्त आहे. आणि चिडचिड त्याचीच होती, उगाच म्हशीला बोलले.

३१ जानेवारी

युक्ती सापडली!

पायरीवर बसले, मान खाली घातली आणि बोट तोंडात घातलं. कोरडं बोट. दुसरं काही नाही. नुसतं हिरड्यांवर फिरवत राहिले. हे दारापर्यंत आले, बघितलं, आणि आत जाऊन चहा संस्कृतीला मागितला.

एवढं हसू आलं की बोट चावलं.

३ फेब्रुवारी

बसले. ज्वारीवर पाखरं उतरली होती. कशाचाच विचार केला नाही. फार बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

बसले. पोटाचंही जमायला लागलं आहे. सकाळी गरम पाणी पिते, संस्कृतीच्या ॲपमधलं. पोरीचं काहीतरी उपयोगी पडलं.

९ फेब्रुवारी

मुक्ताबाईने तंबाखू भाजायला घेतला. वास भिंतीवरून थेट माझ्या स्वयंपाकघरात. तोंडाला पाणी सुटलं, पायात चपला घातल्यासुद्धा. मग परत फिरले आणि शिळी भाकरी ठेच्याशी खाल्ली. चट्टा असा झोंबला की डोळ्यांतून पाणी आलं. बरं झालं झोंबला.

१४ फेब्रुवारी

घात झाला.

सकाळी बोट तोंडात घालून बसले होते आणि हे गोठ्याच्या कोपऱ्यावर उभे राहून बघत होते. किती वेळ, देव जाणे. दुपारचा डबा शेतात नेला नाही. संध्याकाळी आले ते सरळ माझ्यासमोर. "कावून लावलीस? पोरीला आई पायजे का न्हाई?" आवाज चढलेला, पण डोळे भरलेले. मी म्हटलं, लावली नाही.

"मग बोट काय चाटीत हुतीस?"

काय सांगू? खरं सांगितलं तर उद्यापासून पायरी गेली. म्हणून गप्प राहिले. आणि गप्प राहिले म्हणजे लावली, असा त्यांनी अर्थ घेतला. आत्याबाईंना म्हणाले, "आई, तू घे बरं हिच्या तोंडाचा वास." आत्याबाई उठल्या. "मी कशाला मधी पडू, भागवत. नवरा-बायकोचं तुमचं तुमी बघा," म्हणाल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला गेल्या.

संस्कृतीचा उद्या पेपर. ती दाराआडून सगळं ऐकत होती. मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

हरभरा उपटताना, शेतात. कुणी ऐकायला नव्हतं. म्हटलं, बोटावर काही नसतं. मला नुसतं बसायचं असतं. तोंडात बोट असलं की तुम्ही हाक मारत नाही.

आधी हसले. बांधावर बसून हसले, टोपी काढून हसले. मग म्हणाले, "आता काय म्हनावं तुला. बसायचं हुतं तर बस की. कोन नको म्हनतंय?"

कोण नको म्हणतं! मी उपटता उपटता सांगत गेले. चहा, टॉवेल, चावी, मोबाईलचा चार्जर, पाहुण्याला पाणी, परत चहा. मी एकदा खाली बसले की तुम्हा सगळ्यांना एकेक काम आठवतं. मीठ कमी पडलं तरी मीच उठते, माझं ताट पुढ्यात असताना. बोलता बोलता रडूच आलं. ह्यांचं हसू कधी थांबलं ते कळलं नाही. बराच वेळ हरभऱ्याच्या मुळांची माती झटकत बसले होते.

घरी येताना म्हणाले, "सकाळचा चहा मी टाकीन. तू बस."

१६ फेब्रुवारी

बसले. दोन्ही हात मांडीवर, उघडउघड.

आतून एकदा आवाज आला, "साखर कुठं..." आणि मध्येच थांबला. डबे वाजले. सापडली असावी, कारण चहा नुसता पाक झाला होता. सगळा पिले.

२० फेब्रुवारी

बसले. संस्कृतीला विचारलं, तुझ्या ॲपमध्ये नुसतं बसायची खूण आहे का? म्हणाली, "नाही गं मम्मी, ती काय सवय आहे का?"

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. भगर केली, ताटात तशीच राहिली.

आरशासमोर उभी राहून मोबाईलची बॅटरी तोंडात मारून बघितलं. काही दिसत नाही, नुसतीच जीभ मध्ये येते. कधी वाटतं गेला, कधी वाटतं वाढला. महादेवाला एवढंच म्हटलं की संस्कृतीचं काहीतरी मार्गी लागेपर्यंत तरी मला राहू दे. मग वाटलं, असं अर्धं कशाला मागायचं? सगळंच मागितलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेला! चट्टा गेला!

डॉक्टरीणबाईने आधी एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने, मग काठीने गाल ओढून परत. मी खुर्चीचे हात घट्ट धरलेले. "मावशी, गेलाय. तुकडा काढायची गरज नाही. थोडी लाली आहे तेवढी. दर तीन महिन्यांनी दाखवत राहा, आणि मिसरीला हात लावू नका." मी तिच्यासमोरच रडले. तिने कापूस दिला, रुमाल नव्हता म्हणून.

हे बाहेर बाकावर होते. माझे डोळे बघून उभेच राहिले, तोंड पांढरं पडलं. "गेला," म्हटलं तर परत खालीच बसले. मग योगेश्वरीला नारळ फोडला, स्टँडवर भजी खाल्ली. दोन प्लेट. काहीच झोंबलं नाही. एसटीत सीट मिळाली आणि वडवणी येईपर्यंत मी झोपले, ह्यांच्या खांद्यावर, चारचौघांत.

एवढी हलकी मी लग्नाआधीही नव्हते.

२ मार्च

सकाळी पायरीवर न बसता लिंबाखाली आत्याबाईंजवळ जाऊन बसले. त्यांची मिसरी चालूच होती. म्हटलं, "आत्या, माझी सुटली. आता तुमीबी सोडा."

त्यांनी तोंडातून बोट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. स्वच्छ. कुठेही काळं नाही.

"सुटून लई सालं झाली, वर्षा."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं असतं तर बसू दिलं असतं का गं तुमी मला?"