पाणी उजवीकडे, खाण डावीकडे

ऐलीताईस,

गुडघे परवानगी देतात तेवढा वाकून धाकट्या आर्वोचा नमस्कार. तुझा संधिवात थंडीबरोबर ओसरला असेल, गायनमंडळातली ती नवी बाई अजूनही तुझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गात असेल आणि तू तिला अजूनही माफ केलं नसशील, असं धरून चालतो. मांजराला आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं किती ते पुढे वाचून तूच ठरव.

अक्षर माझं नाही हे तू लगेच ओळखलं असशील, कारण ते वाचता येतंय. माझा उजवा अंगठा सुजून ढोबळ्या मिरचीएवढा झालाय, म्हणून मी सांगतोय आणि विल्मा ट्रेवॅरो लिहून घेतेय. हो, तीच. टेकडीवरच्या तिकीट-खिडकीतली. जिच्या पॅस्टीच्या भाजक्या करंजीत मांस-बटाट्याबरोबर गाजर असतं. (असतंच. मी विल्मा. कंसातला मजकूर माझा आहे. लांबलचक पत्रात खऱ्यालाही बसायला थोडी जागा हवी.) मी गप्प असतानाही हिचं पेन चालूच आहे, म्हणजे काहीतरी शिजतंय, तू माझ्या बाजूची आहेस एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं. चर्चच्या जेवणात मी चारचौघांत म्हणालो होतो, की गाजर घातलेली पॅस्टी घोड्याला घालावी, ख्रिस्ती माणसाला नव्हे. त्यानंतर कित्येक हिवाळे आमचं बोलणं म्हणजे 'पास दाखवा' आणि 'हा घ्या', बस्स. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या कॉलरमध्ये बर्फ घालणारी बाई मला 'दाखवा' म्हणायची, यावरून राग किती खोल होता ते बघ.

तर या हंगामाची हकीकत. बर्फ वेळेवर पडला. आपली स्कीइंगची टेकडी तू सोडून गेलीस तशीच आहे: वर नेणारी खुर्च्यांची एक लिफ्ट, तीन उतार, पायथ्याला लाकडी खोली आणि तिच्यात ओल्या मोज्यांचा वास. कोलोरॅडोहून कोणाचा तरी जावई आला होता, तो म्हणाला आमच्याकडे पार्किंगला याहून जास्त उतार असतो. म्हणू दे. मी तिथे चालायला शिकायच्या आधी घसरायला शिकलो. तिथला प्रत्येक उंचवटा मला सख्ख्या नातेवाइकासारखा माहीत आहे. कोणाला टाळायचं, कोणाला भेटून पुढे जायचं, सगळं.

पहिल्याच दिवशी गॉगलच्या काचेवर डाग दिसला. ऐन मध्यभागी, कोणी लोण्याचं बोट टेकवावं तसा. पुसला, तरी तिथेच. दुसऱ्या डोळ्याने पाहावं तर तिथेही त्याचा धाकटा भाऊ. नवा गॉगल आणला. डाग इतका इमानी, की नव्या गॉगलमध्येही माझ्याबरोबर आला. लिफ्टचे खांब मध्येच पोक काढल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा मी लिफ्ट चालवणाऱ्या रेनोला बजावलं, की बाबा रे, जमीन खचतेय, तपासून घे. तो बिचारा ओळंबा लावून आला. खांब सरळ होते. मी म्हणालो, मग ओळंबा तपास.

त्याच आठवड्यात मला एक नारिंगी जाकीटवाला भेटला. उताराच्या कडेला नुसताच उभा. मी थांबलो, हवापाण्याचं बोललो, बायकोच्या माघारी एकट्याने स्वयंपाक कसा करावा लागतो तेही सांगितलं. हूं नाही की चूं नाही. खाली येऊन मी सगळ्यांना म्हणालो, नवीन माणूस फार शिष्ट आहे. रेनोने विचारलं, "कोणता नवीन माणूस?" मी बोट दाखवलं. त्याने तिकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "काका, ती खांबाला गुंडाळलेली गादी आहे." (ही गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात झाली होती. मी सांगितली.)

मग मात्र शहरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी चौकटींचा कागद दाखवून विचारलं, रेघा सरळ आहेत का. मी म्हणालो, ज्याने आखल्या त्याने घेतली होती का? त्या हसल्या नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय म्हणाल्या. कडेचं दिसत राहील, समोरचं नाही. "खांब वाकडे दिसले तेव्हाच यायला हवं होतं. डोळ्यात सुया देऊन पुष्कळ थोपवता आलं असतं. आता जेवढं उरलंय तेवढं राखू." गाडी चालवणं बंद, हेही सांगितलं. स्कीइंगचं मी विचारलं नाही, त्यामुळे त्यांनी मनाई केली नाही. मी कायद्याने चालणारा माणूस आहे.

कोणाला काही बोललो नाही. स्की खांद्यावर टाकून घरापासून टेकडीपर्यंत चालत जायला लागलो. लोकांना वाटलं, म्हातारा प्रकृतीला किती जपतो! दोघातिघांनी माझं बघून चालायला सुरुवात केली आणि त्यांतल्या एकाचं वजनही उतरलं. सकाळी गर्दी नसताना मी पाठांतरावर खाली यायचो. डोळ्यांनी नाही गं, पायांनी. इथे बर्चची झाडं, इथे वळण, इथे गुडघे मऊ. जमत होतं. फारच छान जमत होतं, आणि तिथेच घात झाला.

जानेवारीत समितीने खालच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या वर्गासाठी जाळी लावून जागा वेगळी काढली. पाटी लावली होती म्हणे. माझ्या पाठांतरात जाळी नव्हती. मी आपल्या नेहमीच्या वेगाने, शीळ घालत आलो आणि मासा सापडावा तसा जाळ्यात सापडलो, पाटीसकट. जाळीच्या पलीकडे चिमुरडी रांगेत बसून गरम चॉकलेट पीत होती. मला ती दिसली नाहीत, फक्त एकदम सगळं गप्प झालेलं ऐकू आलं, आणि मग एक बारीक आवाज: "आजोबा, तुम्हाला पण हवंय?"

ताई, मी आयुष्यात पुष्कळदा पडलोय. पण त्या आवाजानंतर जसा घाबरलो, तसा कधी घाबरलो नव्हतो. जाळी जरा ढिली असती तर? पुढचं मला बोलवत नाही. (इथे मी पेन खाली ठेवलं होतं.)

खिडकी सोडून विल्मा धावत आली. जाळीतून माझे पाय सोडवता सोडवता हळूच म्हणाली, "आर्वो, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तू मला रोज लायब्ररीचं कार्ड दाखवतोस. मी रोज 'ठीक आहे' म्हणते. सांग बघू, मी आत्ता कोणता हात वर केलाय?"

मी अंदाज बांधला. "उजवा."

"एकही नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

घरी येऊन स्की शेडमध्ये टांगून टाकल्या. मग नुसता बसून होतो. वाफेच्या अंघोळीचा सौना तापवायचाही कंटाळा. विचार करत होतो, की बाबा रे, एवढं काय होतं त्या टेकडीत? शर्यती मी कधी जिंकल्या नाहीत. वेगाचं म्हणशील तर तो उतरत्या वयात तसाही उसना असतो. मला आठवत राहिली ती लिफ्टची खुर्ची: ती बर्चच्या शेंड्यांवरून निघते आणि एकदम मोठं सरोवर समोर पसरतं. कडेला बर्फ, आत काळं पाणी. ते मला अजून दिसत होतं, ताई. डागापेक्षा ते कितीतरी मोठं आहे. माणसांचे चेहरे गेले, पण सरोवर राहिलं. आणि मी ते स्वतःच शेडमध्ये टांगून आलो होतो.

फेब्रुवारीत एका सकाळी दाराशी गाडीचा हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. बाहेर विल्मा. अंगात भडक पिवळं जाकीट, पाठीवर हाताएवढ्या अक्षरांत 'वाटाड्या'. म्हणाली, "बस गाडीत. आंधळी माणसं दुसऱ्याच्या मागून स्कीइंग करतात. पुढचा ओरडतो, मागचा ऐकतो. तुझ्यावर ओरडायची माझी कित्येक वर्षांची तयारी आहे."

कल्पना उत्तम, अडचण एकच: विल्माला स्कीइंग येत नाही. जन्म खिडकीत गेला. दोन्ही स्कींची टोकं जुळवून, बसायला स्टूल शोधत असल्यासारखी ती खाली येते. (सुरक्षित येते. जाळीत कोण सापडलं होतं?) आणि मी, ज्याच्याकडे बघून पोरं वळणं शिकली, तो तिच्यामागे गोगलगाईसारखा. वर तिला डावं-उजवं कळत नाही. पहिल्याच फेरीत "डावीकडे, डावीकडे रे मेल्या!" असं ओरडून ती स्वतः उजवीकडे गेली. मी आज्ञाधारकपणे डावीकडे, झुडपात. झुडपातूनच आमचं गाजरावरचं थकलेलं सगळं भांडण पूर्ण झालं. लिफ्टवरची माणसं खुर्च्यांतून वाकून ऐकत होती. ती वर जाऊन पुन्हा खाली आली तरी आम्ही चालूच.

शेवटी तोडगा निघाला. उतरताना उजव्या हाताला सरोवर आणि डाव्या हाताला जुनी तांब्याची खाण, हे तिला झोपेतही चुकत नाही. वडील खाणीत होते तिचे. म्हणून 'पाणी!' म्हणजे उजवीकडे, 'खाण!' म्हणजे डावीकडे. पहिल्या दिवशी तिने "पाणी! पाणी!" असा आकांत केला, तेव्हा एक सद्गृहस्थ बाटली घेऊन मागे लागले.

आणि सांगतो, ही स्वतःच लिहून घेतेय तरी सांगतो, हळू जाण्यात काहीतरी आहे. आडव्या वाटेच्या खाली एक खळगा आहे, जन्मभर मी त्याच्यावरून उडत गेलो. यंदा पहिल्यांदा त्याच्या आत उतरलो. आत वारा नसतो. बर्फाचा आवाज बदलतो, कोरडा साखरेसारखा करकरतो. विल्मा तिथे थांबायची, मीही थांबायचो. दोघांनाही दम लागलाय असं दाखवायचो. (मला खरंच लागायचा.)

हंगामाच्या शेवटच्या दुपारी बर्फ लापशीसारखा झाला होता, मधूनमधून गवत. वर आम्ही दोघंच. खळग्याच्या तोंडाशी पुढून "पाणी!" ऐकू आलं आणि पाठोपाठ धप्प. मग काहीच नाही. मी हाका मारल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गुडघा. तू हलू नकोस."

मी हललो. दुसरं काय करणार? खाली कोणाला तरी आणायला हवं होतं. पुढे ते पिवळं नाही, आवाज नाही. जाळीनंतर मी एकटा एक पाऊल गेलो नव्हतो. भीती वाटली, पण पडण्याची नाही. आपण खाली पोचेपर्यंत ती ओल्या बर्फात एकटी बसणार, याची. तोंडाने मीच 'पाणी', 'खाण' म्हणत निघालो. वाटेत तीनदा पडलो, तिसऱ्यांदा या अंगठ्यावर. चिखलाने माखलेला, टोपी गेलेली, असा पायथ्याशी पोचलो आणि ओरडलो, "गुडघा! माणूस पडलाय!" पडलेल्यांना उचलून आणणाऱ्या गस्तवाल्यांनी मला बघितलं, एकमेकांना बघितलं, आणि मी पुढचं बोलायच्या आत मला आडवा करून बर्फावरून ओढायच्या स्लेजला पट्ट्यांनी बांधलं. मी म्हणतोय, "मी नाही रे, ती!" ते म्हणतायत, "हो काका, शांत पडा, डोक्याला मार लागलाय." एकाने तर माझं नाव आणि वार विचारला. घाबरून मला वार आठवेना.

तेवढ्यात स्की काखेत मारून, लंगडत, विल्मा स्वतःच चालत खाली आली. गुडघा नुसता मुरगळला होता. मला बांधलेला बघून तिने हसावं की नाही? ती हसली नाही. चिखलातच बसून रडली. (डोळ्यांत बर्फ गेला होता.)

तर असा हंगाम झाला. पुढल्या वर्षीही जाणार आहोत. विल्मा उन्हाळ्यात वळायला शिकणार म्हणते, कशावर ते देव जाणे. मोठ्यांना नमस्कार म्हणावा तर तुझ्याहून मोठं आता कोणी उरलं नाही, तेव्हा सगळे तूच घे.

तुझा,
आर्वो

ता. क. तू विणलेले राखाडी मोजे झिजले. जमल्यास नवे पाठव.

ता. क. २. मोजे राहू देत. ताई, हे पत्र मोज्यांसाठी नव्हतं. बाबांनी म्हातारपणी पेपर वाचणं सोडलं होतं, आठवतं? छपाई बिघडली म्हणायचे, आणि आपण हसायचो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे घराण्यात उतरतं, भावंडांना सांगा. आणि ईस्टरला फोनवर तू म्हणालीस, की स्वयंपाकघरातल्या नव्या फरश्यांच्या रेघा वाकड्या आहेत, गवंड्याने फसवलं. त्या गवंड्याचा काही दोष नाही गं. तुझ्याकडे अजून वेळ असेल. मी जो पुसत बसण्यात घालवला, तो तू घालवू नकोस.

ता. क. ३. ऐलीबाई, मी विल्मा. तुम्ही 'बघू' म्हणाल आणि जाणार नाही, असं हा म्हणतो. याच्या घराण्याचा मला आता अनुभव आहे. म्हणून तुमच्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी फोन करून मंगळवारची वेळ घेतली आहे. सोमवारी याला गाडीत घालून निघते. तुम्हाला पत्र वाचायला त्रास झाला असेल तर शेजारणीकडून वाचून घेतलं असेलच, तेव्हा शेजारीणबाई, त्यांना कुठे जाऊ देऊ नका. जेवायला पॅस्टी मी आणतेय.