जगात दुसरा

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण हा महिना ऐतिहासिक आहे. या महिन्यात मी जगात पहिला होणार. सध्या दुसरा आहे.

खेळ कुऱ्हाडीचा. गोल आखाडा, आत दोघं, बाहेर एकच येतो. मूळ खेळ त्या दुसऱ्या सिस्टीमसाठी केलेला. (तिचं नाव या वहीत येणार नाही.) नंतर कंपनीने आमच्या लिनक्स सिस्टीमसाठी त्याचा पोर्ट, म्हणजे वेगळी आवृत्ती, काढला. त्याला वेगळा सर्व्हर, वेगळी जागतिक क्रमवारी. पहिला टी-झीरो-वन, दुसरा मी. आमच्या खाली कोण आहेत ते दिसत नाही, कारण यादी खाली सरकतच नाही. कंपनीचा बग. हजारो असतील बिचारे.

नियम सोपा. लागोपाठ तीन दिवस टी-झीरो-वनला मारायचं, की पहिला नंबर आपला. तीन वर्षांत एखादा दिवस बऱ्याचदा मारलाय. लागोपाठ तीन अजून नाही.

आज त्याने माझा डावा हात खांद्यातून उपटला आणि त्याच हाताने मला जीव जाईपर्यंत बडवलं.

संकल्प: चिडायचं नाही. मी मुळात शांत माणूस आहे.

कीबोर्डची स्पेसबार सापडत नाही. उडून कपाटामागे गेली असावी.

३ मार्च, मंगळवार

बायकोने माझी खोली मागितली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. आजवर दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये राबली, आता स्वतःचे पेशंट घरी बघणार म्हणते. मी म्हणालो, जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या योद्ध्याला असं घराबाहेर काढता येत नाही. ती म्हणाली, घराबाहेर नाही रे, खोलीबाहेर. तीन वर्षं त्या खोलीतून नुसतं ओरडणं ऐकू येतंय. माझ्याही पेशंटांचं येईल, पण ते निदान बरे होऊन जातील.

शेवटी करार झाला. ३१ तारखेला संध्याकाळी यादीत पहिलं नाव माझं दिसलं तर खोली कायमची माझी, ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिसलं तर तिचं टेबल येणार. साक्षीदार म्हणून मुलीला बोलावलं. ती आठवीत आहे, समज यायची आहे. म्हणाली, आई, टेबल आत्ताच ऑर्डर कर, यायला वेळ लागतो.

५ मार्च, गुरुवार

ग्राफिक्स कार्डासाठी नवा ड्रायव्हर घातला. स्क्रीन काळी. बाकीचे लोक अशा वेळी हार्डवेअरला शिव्या देतात. आपण नाही. लिनक्सवर स्क्रीन काळी होते तेव्हा माणूस विचार करायला लागतो. मी चार तास विचार केला. मग जुना ड्रायव्हर घातला.

कार्डाचा पंखा खडखडतोय. पत्रा काढून चालू पंख्याला बोटाने समजावायला गेलो. मधलं बोट सोललं. रक्त मदरबोर्डवर. पण त्यानंतर खडखड थांबली. कार्डाला माणूस कळतो.

संध्याकाळी टी-झीरो-वनने मला उभा चिरला. बोट दुखत असल्यामुळे हा सामना धरत नाही.

८ मार्च, रविवार

मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. याच्याकडे संगणकच नाही, टीव्हीवर खेळतो. खेळ चालतो कुठेतरी लांबच्या मशीनवर, याच्या घरी फक्त चित्र येतं. दरमहा भाडं. अशा सर्व्हिसबद्दल माझं मत स्पष्ट आहे: भाड्याच्या कुऱ्हाडीने मारलेला माणूस मेला असं मी मानत नाही.

तो म्हणाला, भावजी, तुमचं मशीन सुरू होईपर्यंत मी चार जणांना मारून जेवूनही येतो.

मी हसून सोडून दिलं. (शांत.) फक्त दाखवावं म्हणून त्याचा कंट्रोलर माझ्या मशीनला लावला. लिनक्सवर कुठलाही कंट्रोलर लावला की लगेच चालतो. लगेच चाललाही. फक्त डावीकडे दाबलं की माझा योद्धा जागच्या जागी गरगर फिरायचा. मेहुणा जमिनीवर लोळून हसला. त्याच्यावर कंट्रोलर कसा पडला ते मला आठवत नाही. त्याने माझी मान बगलेत धरली. मी त्याच्या दंडाला चावलो. त्याने कपाळाने माझ्या नाकावर हाणलं. मग बायकोने येऊन दोघांच्या मानेत असे अंगठे रोवले की दोघेही गुडघ्यांवर. तिला नेमकी जागा माहीत असते.

नाकात कापूस. मुलीने मेहुण्याला विचारलं, मामा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेणार का.

१२ मार्च, गुरुवार

मारला! डावीकडे हूल, उजवीकडून कुऱ्हाड, जबड्यापासून कानापर्यंत. खाली पडल्यावरही मी थांबलो नाही. बरगड्या मोजून तोडल्या. पहिला दिवस माझा.

१३ मार्च, शुक्रवार

तोच डाव टाकला. त्याने हूल ओळखली, माझा पाय गुडघ्यातून तोडला. नेहमीचंच आहे. ज्या डावाने मारावं तो डाव दुसऱ्या दिवशी त्याला तोंडपाठ. रात्र रात्र सराव करत असणार. शत्रू असावा तर असा.

आणि शिस्त बघा. रोज बरोब्बर साडेसातला आखाड्यात. सुरुवातीला डाव्या पायाची दोन पावलं पुढे, मग थांबणार, मग झेप. तीन वर्षांत बदल नाही. मी त्याला तिथल्या तिथे लिहून हजार शिव्या घातल्या असतील, एका शब्दाने उलटून बोलला नाही. हल्ली मीच त्याला घरचंही सांगतो. खोलीचं सांगितलं. ऐकून घेतलं आणि डोकं उडवलं. सहानुभूतीचं नाटक नाही.

१७ मार्च, मंगळवार

ऑफिसात अन्याय. आमच्या कंपनीकडे लिफ्टच्या देखभालीचं काम आहे, मी तक्रारींच्या फोनवर बसतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मेकॅनिक पोचेपर्यंत शांत ठेवायचं. माझ्या स्वभावाला अनुकूल काम.

आज एक बाई अडकल्या. घाबरल्या होत्या. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून मी त्यांना लिनक्सवरच्या गेमिंगबद्दल सांगितलं. पोर्ट म्हणजे काय, ड्रायव्हर कुठला घ्यावा, भाड्याच्या सर्व्हिस का टाळाव्यात. चाळीस मिनिटं. बाईंनी दाराची फट बोटांनी उचकटून स्वतःची सुटका केली. दोन नखं गेली. तक्रार लिफ्टबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

साहेबांनी समज दिली. ती छापून हातात द्यायची होती, पण प्रिंटर अडला. मी मदतीला गेलो. प्रिंटरचं झाकण आता वेगळं ठेवलंय.

२१ मार्च, शनिवार

काल मारला. आज पुन्हा मारला, आणि त्याच डावाने! पहिल्यांदाच त्याला डाव तोंडपाठ नव्हता. शुक्रवार-शनिवार सराव करत नसावा. आज त्याची कवटी आखाड्याच्या भिंतीवर आपटून आपटून फोडली. भिंतीवर जे उडालं त्याचा स्क्रीनशॉट आता डेस्कटॉपवर लावलाय. बायकोला दाखवला. ती म्हणाली, मानेचा कोन चुकलाय, अशी मोडत नाही.

उद्या तिसरा दिवस. खोली माझी. मोठ्या सामन्याआधी मशीन ताजंतवानं असावं म्हणून सगळी सिस्टीम एकदा अपडेट करून घेतो. शहाणा माणूस तेच करतो.

२२ मार्च, रविवार

मशीन सुरू होत नाही.

२२ मार्च, रविवार, संध्याकाळी

साडेसात वाजून गेले. तो तिथे उभा असेल.

दाराला जे भोक पडलंय ते जुनंच असावं. उजव्या हाताची बोटं सुजलीत. बायकोने बर्फ दिला आणि दाराचं भोक टेपने मापलं. म्हणाली, पडदा लावला तर चालेल, पेशंटला आडोसा हवाच असतो.

२७ मार्च, शुक्रवार

चार दिवस लागले मशीन उभं करायला. नव्याने सगळं घातलं. लिनक्सवर हे एक बरं असतं, सगळं आपल्या हातात. हात सुजलेला असला तरी.

आज विचित्र घडलं. साडेसातला तो आला. पावलं टाकली नाहीत. नुसता उभा. मी लिहिलं, काय रे, कुऱ्हाड उचल. उचलली नाही. रविवारी मी आलो नाही म्हणून रुसला असेल. मला वाईट वाटलं. मग मी त्याचे दोन्ही हात तोडले, पोट फाडलं आणि शीर वेगळं केलं. पहिला दिवस.

२८ मार्च, शनिवार

आजही उभाच. त्याने मला मनातून पहिला मानलंय, आता फक्त उपचार उरलाय. काही थोर माणसं अशी बाजूला होतात. डोळ्यांत पाणी आलं. पाय आधी तोडले.

२९ मार्च, रविवार

जगात पहिला.

यादीत सगळ्यात वर माझं नाव. आनंदाने उठलो आणि कपाटाला एक ठोसा मारला. आत लोखंडी पेटी असेल असं वाटलं नव्हतं. हाडाचा आवाज खेळातल्यासारखाच येतो, याचं श्रेय कंपनीला दिलं पाहिजे.

हॉस्पिटलमधून आलो. कोपरापर्यंत प्लॅस्टर. यापुढे डाव्या हाताने लिहीन. बायकोला यादी बघायला बोलावलं. ती म्हणाली, ३१ला ठरलंय ना, ३१ला बघू. बरोबर आहे. मेहुणाही आला पाहिजे साक्षीला. त्याचा चेहरा बघायचाय.

३० मार्च, सोमवार

आखाड्यात भलताच माणूस. अंगावर चिलखत नाही, हातात कुऱ्हाड नाही. मी तीनदा मारला. एकदा मानेत, दोनदा पोटात. तिसऱ्यांदा जिवंत झाल्यावर त्याने काय लिहिलंय ते वाचलं. लिहिलं होतं, अहो, मारू नका, मी कंपनीतला माणूस आहे.

सर्व्हर बंद करायला आला होता. म्हणाला, मूळ खेळच आता लिनक्सवर नीट चालतो, मग वेगळा पोर्ट कशाला ठेवायचा. तुम्ही कोण? इथे कोणी खेळतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मी टी-झीरो-वनची चौकशी केली. तो म्हणाला, तो आमचा टेस्टिंगचा प्रोग्राम. रोज साडेसातला आपोआप सुरू होतो, पोर्ट चालतोय का बघायला. शुक्रवारी त्याचं डोकं, म्हणजे लढायचा भाग, काढून टाकलं, नुसतं शरीर राहिलं होतं. पुढे म्हणाला, अच्छा, म्हणजे ते तुम्ही. तो मध्येच मरायचा, आम्हाला कारण सापडेना. प्रत्येक वेळी बग समजून दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचो. शनिवार-रविवार सुट्टी असते.

मी विचारलं, आणि यादीत आमच्या खालचे? तो म्हणाला, खाली कोणी नाही. म्हणून तर सरकत नाही.

मी यादी आणखी एकदा खाली सरकवून पाहिली. मग त्याला चौथ्यांदा मारला. डाव्या हाताने.

माणूस मात्र सज्जन. जिवंत होऊन म्हणाला, तुमचं खातं मूळ खेळाच्या यादीत हलवतो, सगळे पॉइंट्स नेतो. म्हणजे अडचण मिटली. पहिला तो पहिलाच राहणार. टी-झीरो-वन प्रोग्राम होता हे पटत नाही. प्रोग्रामला एवढा मोठेपणा नसतो.

३१ मार्च, मंगळवार

सगळे खोलीत जमले. बायको, मेहुणा, मुलगी. मेहुण्याने दंडावर बँडेज ठेवलंय, दाखवायला. माझा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून यादी मुलीने उघडली. पहिलं नाव भलतंच. मी म्हणालो, थोडी खाली सरकव.

ही यादी सरकते.

ती सरकवत राहिली. मेहुणा मध्ये पाणी पिऊन आला. बायकोने खुर्ची घेतली. मुलीचं बोट दुखायला लागलं तेव्हा तिने हात बदलला. बऱ्याच वेळाने म्हणाली, बाबा, सापडलात. तुमच्या खाली अजून तिघं आहेत.

मेहुणा हसला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, भावजी, टेबल उचलायला मी येतो. असा मार मी आखाड्यातही कधी खाल्ला नव्हता.

१३ एप्रिल, सोमवार

मशीन आता चपलांच्या स्टँडशेजारी आहे. पंखा पुन्हा खडखडतोय. पोर्ट बंद होताना पहिल्या नंबरावर मीच होतो, आणि तो नंबर आता कोणी हिसकावू शकत नाही, हे घरात कोणाला समजावत बसणार.

संकल्प: चिडायचं नाही.

आज बायकोची प्रॅक्टिस सुरू झाली. दाराच्या भोकावर निळा पडदा. पहिला पेशंट मी. प्लॅस्टर लवकर काढलं, बोटं वळत नव्हती. टेबल बरोबर माझ्या खुर्चीच्या जागी आहे. तिने माझं मधलं बोट धरलं आणि म्हणाली, दुखलं तर सांग. मी म्हणालो, मी आखाड्यात हात उपटून घेतलेला माणूस आहे. तिने बोट मागे वाकवलं.

जिन्यातून शेजारच्या आजोबांचा आवाज आला. आजींना सांगत होते, झालं, बसला हा परत खेळायला.