वानखेडे काकांचा फोल्डर

सोम., ३ फेब्रुवारी
ऑफिसचा जुना सर्व्हर शनिवारी बंद. नव्यावर फक्त चालू कामं जाणार, बाकी पुसणार. वानखेडे काकांचा फोल्डरही. क्लिक केलं तर 'परवानगी नाही'.
काका आमचे हेड ड्राफ्ट्समन. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. कॉम्प्युटरवर नकाशे काढायला मला त्यांनीच शिकवलं. माऊसवर हात जड पडायचा माझा. म्हणायचे, "हळू वं पोरी, रेघ पळून नाही चालली."
रिटायर होण्याआधीचं शेवटचं वर्षभर आम्ही बोललो नाही. वाचनालयाचा नकाशा माझा, खाली नाव फक्त त्यांचं. त्यांच्या निरोप समारंभाला मी रजा टाकली.

मंगळ., ४
सर्व्हर सांभाळणाऱ्या उमेशकडे अ‍ॅडमिन राइट्स मागितले. म्हणाला, "मॅडम, मग तर सगळ्यायचे फोल्डर उघडतीन तुमच्यानं. साहेबांची सही आणा." अर्ज केला. कारण: जुने नकाशे तपासणे. खरं तर...

गुरु., ६
अर्ज दोन दिवस टेबलावर पडून. आज साहेबांनी विचारलं, "काहून पाहिजे तुम्हाले ते जुनं?"
"मी त्यावरच शिकले, साहेब."
सही झाली. एकाच दिवसापुरती.
दिवसभर लकडगंजचं जुनं ऑफिस आठवत राहिलं. बाजूला आरा मशीन, खिडकीत लाकडाचा भुसा. काकांच्या डब्यात गोळाभात असला की अर्धा माझ्या झाकणात.

शुक्र., ७
राइट्स मिळाले. उमेशने आधी परवानग्यांची यादी दाखवली. दोनच नावं. काका, आणि माहेरच्या आडनावाची मी. लग्नानंतर मला नवं लॉगिन मिळालं, जुनं बंद झालं. काकांनी फोल्डर माझ्यासाठी उघडाच ठेवला होता.
आत वाचनालयाचा नकाशा. खाली दोघांची नावं, माझं वर. सोबत साहेबांना पत्र: 'नकाशा माधुरीने काढला आहे. तिचे नाव काढू नये ही विनंती.' नकाशा मंजुरीला गेला त्याच्या आदल्या दिवशीचं.
सगळं कॉपी केलं. राइट्स परत दिले. साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा गेले. आत नाही गेले.

रवि., ९
प्रिंट घेऊन हुडकेश्वरला काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. "ये वं. किती दिवसानं आली."
काका फार बारीक झालेत. काय बोलायचं ते मी रस्ताभर ठरवलं होतं, सगळं विसरले. नकाशा समोर ठेवला. काका चष्मा लावून पाहत बसले. मग जिन्यावर बोट ठेवलं.
"हा इथं अरुंद झाला. तवाच सांगाले पाहिजे होतं मी तुले."
"काका, ते पत्र..."
"पेन्सिल आहे का तुह्याजवळ?"
पर्समधून काढून दिली.