चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोठ्या जबाबदारीची नोंद राहिली पाहिजे. 'खून आणि खुलासा' या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या स्वागत विभागाचा संपूर्ण चार्ज आता माझ्याकडे. १८७ सभासद, सगळे रहस्यकथांचे वाचक, नंदुरबारपासून रावेरपर्यंत. ग्रुप काढला मोईजभाईंनी. धुळ्याला देवपुरात त्यांचं बाइंडिंगचं दुकान. ४ ऑक्टोबरला गेले. हार्ट. आतापर्यंत स्वागत मी करायचो आणि पुस्तक ते पाठवायचे. आता दोन्ही मी.

पुस्तकाची पद्धत अशी. नवीन सभासदाला एक रहस्यकथा जाते. तिची शेवटची सोळा पानं कागदी पट्टीने बंद केलेली. त्याने आधी वाचायचं, खुनी कोण ते ग्रुपवर लिहायचं, मगच पट्टी कापायची. कल्पना मोईजभाईंची. हात इतका साफ की पट्टी निघाली तरी पानाला ओरखडा नाही. मला काही अवघड जाणार नाही. मी वरणगावला फॅक्टरीत छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो.

संकल्प. १) सहाला उठणे. २) नवीन माणसाचं स्वागत दहा मिनिटांच्या आत. ३) मोईजभाईंचा विषय डोक्यातून काढणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
सातला उठलो. थंडीत सहा म्हणजे सातच.

९.३०. नवीन सभासद. फैसल, जळगाव, मोबाइल रिपेअरिंग. लगेच स्वागत केलं. चारशे शब्द. त्यात माझा रेकॉर्डही दिला, कारण आपण कुणाच्या सहवासात आलो आहोत हे माणसाला कळायला हवं. दर महिन्याला ग्रुपचं एक पुस्तक असतं आणि खुनी मी दुसऱ्या दिवशीच सांगतो. आजवर ४४पैकी ४४. थोड्या वेळाने फैसलने लिहिलं, वा भाऊ, मानलं तुम्हाला. तरुण पिढीत गुणग्राहकता शिल्लक आहे.

९.४०. सहज मोईजभाईंचं चॅट उघडलं. रोजच उघडतो, विशेष काही नाही. नावाखाली लिहिलेलं, ऑनलाइन.

९.४३. गेलं.

फोन हँग झाला असणार. बंद करून चालू केला. मंदाबाईने, म्हणजे बायकोने, विचारलं, फोन बंद-चालू कायले करू राह्यले. म्हटलं थंडीने हँग होतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
काल मोईजभाईंचा चाळीसावा होता. जाणार होतो. शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. पण गुडघा. मय्यतीलाही नेमका गुडघाच. भुसावळ ते धुळे एसटीत तीन-साडेतीन तास बसायचं म्हणजे गंमत नाही. मंदाबाई म्हणाली, मागच्या रविवारी भरीत खायले मुक्ताईनगरपर्यंत गेला तो गुडघा कोणाचा होता. तिला मेडिकलमधलं कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.
काल फैसलचं पुस्तक बंद केलं. मोईजभाई गव्हाच्या खळीचा एक ठिपका वर आणि एक खाली लावायचे. मला ते कच्चं काम वाटायचं. मी सुतारकामाचा पांढरा गम वापरला, पूर्ण कडेला. वर रात्रभर पाटा ठेवला. इन्स्पेक्शन केलं. पास. कुरिअर केलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
११.०५. नवीन सभासद ममता. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी अंगणवाडीत आहे. पोरं झोपली की वाचते म्हणाली. स्वागत केलं. या वेळी साडेचारशे शब्द.

११.१२. मोईजभाई ऑनलाइन.

११.१६. गेले.

दोनदा झालं म्हणजे योगायोग नाही. मी स्वागत करतो आणि दहा मिनिटांत मेलेला माणूस ऑनलाइन येतो. याचे दोन अर्थ निघतात. पहिला, फोन कुणाच्या तरी हातात आहे. दुसरा अर्थ लिहीत नाही.

ममताचं पुस्तकही त्याच गमने बंद केलं आणि दुपारीच कुरिअरला दिलं. काम थांबलं नाही पाहिजे.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
धीर करून मोईजभाईंना मेसेज टाकला. कोण आहे?

दोन निळ्या टिक. उत्तर नाही.

मंदाबाईने पाहिलं. म्हणाली, "तुम्ही त्या मेलेल्या माणसाले कायले मेसेज करू राह्यले? जिता होता तवा त्याचा फोन उचलला नाही."

मी म्हटलं, तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. ती म्हणाली, दोन्ही वेळा? मी म्हटलं, हो. फोन गव्हाच्या डब्यात ठेवून दिला. दुपारी डब्यातून रिंग आली तेव्हा झाकण उघडायला मंदाबाईला बोलावलं. गॅसवाला होता.

२३ नोव्हेंबर, रविवार.
ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून वस्तुस्थिती लिहून ठेवतो.

माझी एक पद्धत आहे. पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटची पानं तपासतो. फॅक्टरीत आम्ही तेच करायचो, तयार माल आधी बघायचा, मग तो कसा बनला ते. याला काही लोक वेगळं नाव देतील. लोकांना पद्धत कळत नाही.

सप्टेंबरमध्ये मी माझी अकरा पुस्तकं मोईजभाईंकडे बाइंडिंगला दिली. दिल्यावर लक्षात आलं. पुढची दीडशे पानं कोरी करकरीत. शेवटच्या पानांवर अंगठ्याचे डाग, चहाचे गोल, एकावर लोणच्याचं तेल. बाइंडर पान न् पान हाताळतो. त्याच आठवड्यात ते ग्रुपवर म्हणाले, भाऊ, या वेळी नवीन मंडळींना जरा ओळखू द्या. सगळ्यांसमोर. नंतर मला वेगळा मेसेज, फोन करा, बोलायचं आहे. मी केला नाही. मग त्यांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा फोन हातात होता. नाव दिसत होतं. मी बघत बसलो.

चौथ्या दिवशी ते गेले.

आता जो कोणी त्या फोनमधून बघतो आहे, त्याला माहीत आहे. हे मी भीतीने लिहीत नाही, तर्काने लिहितो आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
फैसलचा ग्रुपवर फोटो. शेवटच्या सोळा पानांची वीट झाली आहे. पट्टी कापली, पानं सुटेनात, गरम हवेचं मशीन लावलं तर तुकडे पडले. त्याने नम्रपणे विचारलं, खुनी कोण होता. ममताचंही तसंच. तिने पुस्तक चुलीवरच्या पातेल्याच्या वाफेवर धरून बघितलं.

दोघांनाही खुनी मी सांगितला. काय करणार. सगळे म्हणाले, भाऊंना तोंडपाठ आहे. टाळ्याच टाळ्या. मला मात्र सारखं वाटत होतं की मोईजभाई मागे उभे राहून पाट्याकडे बघताहेत. ते ओरडले नसते. ते कधी ओरडायचेच नाहीत, तोच त्यांचा त्रास होता.

नवीन संकल्प. सापळा लावणे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
सापळा असा. मंदाबाईच्या फोनवर ग्रुप कधी नव्हता. त्या नंबरला 'सुपडू, पारोळा' असं नाव दिलं आणि ग्रुपमध्ये घेतलं. नवीन सभासद. माझ्या फोनवरून त्याचं रीतसर स्वागत केलं. भूत असो की चोर, स्वागत झालं की येतोच. डोकं चाललं की चाललं.

१०.०२. स्वागत पाठवलं.

१०.०७. मोईजभाई ऑनलाइन.

१०.०८. मंदाबाईच्या फोनवर मेसेज. मोईजभाईंच्या नंबरवरून.

जसाच्या तसा उतरवतो.

"सप्रेम नमस्कार. आपल्या ग्रुपमध्ये तुमचं स्वागत भिकनभाऊ करतात. ते मोठं असतं, पूर्ण वाचा. दर महिन्याला ते खुनी ओळखतील. ते शेवटचं पान आधी वाचतात. आपल्याला सगळ्यांना हे माहीत आहे, पण आपल्याला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. कृपया दाद द्यावी. रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरं काही नाही. माणूस आपला आहे. मोईज."

१०.३०. चहा घेतला नाही.

१२.००. हा मेसेज बनावट असू शकतो. माझ्या प्रतिमेला धक्का लावण्याचा कट. ग्रुपमध्ये माझ्यावर जळणारे असतील.

१.१५. मंदाबाईने मेसेज वाचला. तिला विचारलं, हे खोटं आहे ना. ती भाकरी थापत होती. म्हणाली, खोटं काय आहे त्यात. मग म्हणाली, जेवून घ्या.

३.००. तारीख बघितली. मेसेज आज आला, पण त्याच्यावर 'फॉरवर्डेड' लिहिलेलं आहे. म्हणजे जुना आहे. म्हणजे मोईजभाई जिवंत असताना लिहिलेला. फैसलची 'वा भाऊ' कुठून आली होती ते आता कळलं. मी नवीन माणसांचं स्वागत करत नव्हतो. नवीन माणसांना माझ्यासाठी तयार करून पाठवलं जात होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार. धुळे एसटी स्टँड, परतीची गाडी लागायची आहे.
गेलो. गुडघा काही बोलला नाही.

देवपुरातलं दुकान उघडं होतं. मोईजभाईंची मुलगी मिसबाह बसलेली. शाळेत शिकवते, शनिवारी दुपारी दुकान उघडते. मला तिने लगेच ओळखलं. मी कडक आवाजात विचारायचं ठरवलं होतं की मेलेल्या माणसाच्या फोनवरून मेसेज पाठवणं कायद्यात बसतं का. विचारलं नाही. तिने स्टूल पुढे केलं, तिच्या आईने, मुमताजभाभींनी, आतून पाणी पाठवलं.

मिसबाहनेच सुरुवात केली. म्हणाली, पारोळ्याचे सुपडू तुम्हीच ना. त्या नंबरच्या डीपीवर चाचींचा, म्हणजे मंदाबाईचा, फोटो होता, तो मेसेज पाठवून झाल्यावर दिसला. मग डिलीट करणार होती, पण निळ्या टिक आलेल्या. माझ्या 'कोण आहे?'ला काय लिहावं ते तिला सुचलं नव्हतं. नवीन माणूस आला की हा मेसेज पाठवायचा, एवढंच अब्बांनी सांगून ठेवलं होतं. कधीपासून, मी विचारलं. ती म्हणाली, पहिल्या वर्षापासून. म्हणजे अकरा पुस्तकांच्या आधीपासून. त्यांना ते डागांवरून कळलेलंच नव्हतं. आधीच माहीत होतं.

मग माझ्याकडून विचारलं गेलं. शेवटी दोन फोन कशासाठी केले होते?

"हात कापायला लागले होते त्यांचे, चाचा. पट्टी लावायला जमत नव्हतं. तुम्हाला शिकवायची होती. फोन उचलला नाहीत तर म्हणाले, भाऊ रुसलेत, दोन-चार दिवसांनी परत लावतो."

 ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली आणि ती अजून वाटते आहे. मय्यतीला आलो नाही याबद्दल माफी मागितली. गुडघ्याचं नाव घेतलं नाही. मुमताजभाभी आतूनच म्हणाल्या, आता आलात ना.

मिसबाहने मला पट्टी लावायला शिकवलं. खळीचा एक ठिपका वर, एक खाली. माझे सहा कागद फाटले. तिने एकदाही हातातून काम काढून घेतलं नाही. निघताना मी डिसेंबरचं पुस्तक तिच्याकडून बंद करून घेतलं, स्वतःसाठी. ती हसली नाही, फक्त पट्टी जरा रुंद लावली.

२ डिसेंबर, मंगळवार.
पान ३१. कोण कोणाचा भाचा आहे ते समजत नाही. लोक इतके दिवस हे असं वाचतात?

५ डिसेंबर, शुक्रवार.
पान ८८. माझा संशय वकिलावर. दुपारी डॉक्टरवर. पट्टीवर दोनदा अंगठा फिरवला. दोन्ही वेळा मोईजभाईंचं नाव फोनवर दिसत होतं ते आठवलं. पुस्तक मंदाबाईकडे ठेवायला दिलं.

१० डिसेंबर, बुधवार.
पान १६४. आता पट्टी. खरं सांगायचं तर मजा आली. असं काही असतं हे ४४ पुस्तकांत कळलंच नव्हतं. खुनी कंपाउंडर. शंभर टक्के. औषधाच्या बाटलीचं झाकण, तिसरं प्रकरण. इन्स्पेक्शनची नजर ती नजर.

१४ डिसेंबर, रविवार.
सकाळी ग्रुपवर लिहिलं. खुनी कंपाउंडर आहे, या वेळी मी पट्टी न कापता ओळखला आहे.

मग पट्टी कापली. पानाला ओरखडा नाही. खुनी धाकटी जाऊ आहे. कंपाउंडर तर चौथ्या प्रकरणातच गाव सोडून गेलेला. माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

चूक कबूल करायला फोन उघडला. तोपर्यंत त्रेपन्न टाळ्या आल्या होत्या. फैसल, वा भाऊ. ममता, मानलं तुम्हाला, पंचेचाळीसपैकी पंचेचाळीस. यातल्या निम्म्यांचं पुस्तक गेल्या आठवड्यातच वाचून झालंय. खुनी कोण ते त्यांना माहीत आहे. शेवटची टाळी मोईजभाईंच्या नंबरवरून.

 मग लिहिलं, चुकलं, धाकटी जाऊ होती. त्यालाही टाळ्या आल्या.

उद्या नऊ वाजता वरणगावचा एक नवीन सभासद येतोय, झुलाल. मिसबाहला कळवून ठेवलं आहे, या वेळी त्याला आधी तिचा मेसेज जाईल. मग माझं स्वागत.