ऐंशी यार्डांचं मैदान

१४ ऑगस्ट १९७६

ती. व्हर्नाताईस,
रॉइसचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. कॉलेजच्या वसतिगृहातली खाट माझ्यापेक्षा आखूड आहे, पण झोप लागते, कारण दुसरं काही करायचं त्राण उरत नाही. सराव दिवसातून दोनदा असतो, सकाळी उन्हात आणि दुपारी जास्त उन्हात. चेंडू फेकणारे, म्हणजे क्वार्टरबॅक, आम्ही पाच आहोत आणि मी पाचवा. ही क्रमवारी कोच स्टेगल यांनी भिंतीवर लावलीय, त्यामुळे वाद घालायला जागा नाही.

ताई, अकरा माणसं म्हणजे गर्दी आहे गं. आपण जन्मभर सहाजणांचं फुटबॉल खेळलो, कारण आपल्या ड्राय टँक गावच्या शाळेत अकरा मुलगे कधी सापडलेच नाहीत. इथे माझ्यापुढे पाच धिप्पाड माणसं रांगेत उभी असतात. त्यांच्या पाठींपलीकडचं मला दिसत नाही, आणि ही पाच नेमकी कशासाठी ठेवलीत हे विचारायची लाज वाटते.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. रांगेच्या मधला तो सेंटर, ओटिस ब्रिंकली त्याचं नाव. त्याने वाकून दोन पायांतून चेंडू माझ्या हातात दिला आणि मी सवयीने त्यालाच परत फेकला. आपल्याकडे सेंटर चेंडू देतो आणि झेलायला पळतो. इथे त्या पाचांपैकी कोणीही पास झेलायचा नसतो. ओटिसने बिचाऱ्याने झेलला. सात वर्षं खेळतोय, पण चेंडू पोटाशी आला तो पहिल्यांदाच, त्यामुळे काय करावं ते त्याला सुचेना. तो खाली बसला. कोचनी मला विचारलं, डोक्याला मार लागलाय का. मी नाही म्हणालो. मग ते म्हणाले की लागला असता तर निदान औषध तरी करता आलं असतं.

बाबांची यंदाची टीम कशी आहे? माझ्या जागी कोण खेळतंय? सविस्तर लिही.

लोभ असावा, आणि असल्यास तो पीचच्या जॅमच्या बाटलीतून दिसावा.

तुझा,
रॉइस


२३ ऑगस्ट

चि. रॉइस यास,
ताईचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. गावचं पोस्ट मीच चालवते, त्यामुळे पोतं उघडल्या उघडल्या मिळालं. दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा बाबांना मोठ्याने. मग आईच्या फोटोमागे ठेवलं. कॅफेतल्या मंडळींनी खिडकीत तुझा फोटो लावलाय आणि तू तिथला पहिला क्वार्टरबॅक आहेस असं आपसांत ठरवून टाकलंय. मी ते ठरू दिलं. पोस्टाच्या माणसाने कोणाच्या पत्रातला मजकूर फोडायचा नसतो.

ओटिसच्या प्रकरणात दोष माझा आहे. तू सात वर्षांचा असल्यापासून पाण्याच्या टाकीमागे तुझी सेंटर मीच. वाकायचं, चेंडू द्यायचा आणि टाकीच्या शिडीकडे धूम पळायचं, तेही स्कर्ट सावरत. अकरा वर्षं एकाच बाईला पास दिल्यावर हाताला दुसरं काय सुचणार? पण गाढवा, त्या ओटिसमध्ये आणि माझ्यात तुला काही साम्य दिसलं का? दिसलं असेल तर लिहू नकोस.

बाबा ठीक आहेत. शाळेची बस चालवतात, दर गुरुवारी मैदानावर चुन्याच्या रेघा मारतात. तुला सांगायला सांगितलंय की कोपर वर ठेव. पाऊस नाही. पर्व्हिसबाईंच्या शेळ्या पुन्हा पोस्टात शिरल्या आणि एका गृहस्थाचं लग्नाचं आमंत्रण खाल्लं. तो म्हणाला, बरंच झालं, जायचं नव्हतंच.

जॅम पाठवते आहे. बाटली फुटून आली तर तक्रार पोस्टाकडे करावी. आम्ही दुर्लक्ष करू.

तुझी,
व्हर्नाताई


६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जॅम पोचला. ओटिसने खाल्ला. मी चव बघितली.

इथे माझी प्रगती होते आहे, पण ती नेमकी कोणत्या दिशेला हे सांगता येत नाही. मंगळवारी सरावात फेकायला कोणी मोकळं सापडेना. समोर मात्र वाट मोकळी, चिटपाखरू नाही. मी पळत सुटलो, डाव जिथून सुरू होतो त्या रेघेपाशी आलो आणि थांबलो. तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे सेंटरकडून चेंडू घेणाऱ्याने तो स्वतः रेघेपलीकडे न्यायचा नाही, आधी दुसऱ्याला द्यायचा. इथे नेता येतो. मला नियम पाठ आहे गं, माझ्या पायांना नाही. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. कोच शिट्टी वाजवायचीसुद्धा विसरले.

पण शनिवारचं ऐक, त्यापुढे हे काहीच नाही. पहिली फळी विरुद्ध आम्ही नवखे, असा सराव सामना होता. मध्यंतर होऊन थोडा वेळ झाला आणि त्यांची आघाडी पंचेचाळीस झाली. आता आपल्याकडे पंचेचाळीस झाले की सामना तिथेच संपवतात, हरणाऱ्याची लाज तेवढीच राखली जाते. मी हेल्मेट काढलं, समोरच्या अकराही जणांशी हात मिळवले, चांगले खेळलात म्हणालो आणि आंघोळीला गेलो. अंगाला साबण लागला होता तेव्हा कोच आत आले. ओरडले नाहीत. बाकावर बसले आणि तू कुठल्या गावचा म्हणालास, असं शांतपणे विचारलं.

मग त्यांनी खरं ते सांगितलं. म्हणाले, पाचांमध्ये तुझ्यासारखा हात कोणाचा नाही, म्हणून अजून ठेवलाय. आठ ऑक्टोबरला दुसऱ्या फळीचा सामना आहे, त्यात तुला खेळवणार. तोपर्यंत खेळ डोक्यात शिरला तर ठीक, नाही तर क्वार्टरबॅकच्या यादीतून नाव कायमचं जाईल आणि बचावाच्या बाजूला पाठवतील. तिथे चेंडू फेकायचा नसतो, माणसं पाडायची असतात. ताई, मला चेंडू फेकण्याखेरीज दुसरं काही येतं का? माझी झोप उडालीय.

टीमबद्दल विचारलं होतं. तू शेळ्यांबद्दल लिहिलंस.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर पाठव.

रॉइस


१५ सप्टेंबर

चि. रॉइस यास,
अ. उ. आ.

तुझं साबणाचं प्रकरण बाबांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले की पोराने हात मिळवले हे योग्यच केलं. नंतर गोठ्यामागे गेले आणि तिथून मला हसल्याचा आवाज आला.

झोप उडालीय म्हणतोस तर ऊठ आणि तो नियमांचा जाड ग्रंथ वाच. रडत बसू नकोस. शाळेच्या नाटकात तू झाड झाला होतास, तेव्हाही आदल्या दिवशी असाच हातपाय गाळून बसला होतास. आणि झाड चांगलं झालं होतं.

बाबांचं सध्या काहीतरी चाललंय. माझी कपडे वाळत घालायची दोरी नेली आणि तिच्यावर मापं लिहून आणली. दोनदा पर्व्हिसबाईंकडे जाऊन आले, डोक्यावर चांगली हॅट घालून. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही. शाळा ठीक. बस ठीक. उन्हाळा हटत नाही.

तुझी,
व्हर्नाताई


२६ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. आज नुसताच, वि. वि. काही नाही.

शनिवारच्या पेपरात सहाजणांच्या सामन्यांचे निकाल अगदी बारीक अक्षरांत छापतात. कालचा पेपर बघितला, ड्राय टँकचं नाव नाही. मागचे दोन लायब्ररीतून काढले, त्यांतही नाही. मग मी बोटांवर मोजलं. मी गेल्यावर शाळेत खेळण्याजोगी पोरं किती उरली? लोनी, ते दोघे जुळे, मेकॅनिकचा थोरला आणि चष्मेवाला डेल. पाच. पाचांची टीम होत नाही. यंदा टीमच नाही ना, ताई? आणि तू मला शेळ्यांच्या गोष्टी सांगत बसलीस. मला फार राग आलाय तुझा.

मग बाबा गुरुवारी रेघा कोणासाठी मारतात? बावीस वर्षं टीम चालवलेला माणूस रिकाम्या मैदानावर चुना टाकत फिरतो, आणि इथे मी भलत्यांना चेंडू फेकतोय. कोच आठ तारखेला काढणारच आहेत. त्यांनी काढण्याआधी मीच निघतो. शनिवारच्या बसने येतोय. मेकॅनिककडे काम मिळेल, बाबांना सोबत होईल. त्यांना आधी सांगू नकोस.

रॉइस


२९ सप्टेंबर (तातडीने)

चि. रॉइस यास,
अ. उ. आ., आणि एक धपाटा.

हो, पाचच पोरं. टीम नाही. लपवलं ते मी, बाबांनी नाही. तुला कळलं असतं तर तू पहिल्याच आठवड्यात पिशवी भरली असतीस, आणि बघ, भरलीसच. बाबांना मी सांगितलंय. तू सांगू नकोस म्हणालास, पण मी तुझी ताई आहे, पोस्टाची पेटी नाही.

आता नीट वाच. त्या रेघा रिकाम्या मैदानावरच्या होत्या हे खरं. पहिले दोन गुरुवार मला खिडकीतून बघवत नव्हतं, मी पडदा ओढून घ्यायची. मग तुझं साबणाचं पत्र आलं आणि बाबांनी दोरी नेली. आपलं मैदान ऐंशी यार्डांचं, तुमचं शंभरचं. वीस यार्ड पलीकडे पर्व्हिसबाईंचं कुरण. बाई आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, शेळ्यांना सबंध मैदानावर चरू देणार असाल तर घ्या. बाबांनी कुंपण काढलं, ट्रॅक्टरने गोलचे खांब उपटले आणि वीस यार्ड पुढे नेऊन रोवले. रुंदीही वाढवणार होते, पण मध्ये पाण्याची टाकी येते.

रविवारी चर्च सुटल्यावर त्यांनी आम्हा अकराजणांना उभं केलं. पाच पोरं, मी, पास्टर, पर्व्हिसबाई, मेकॅनिक, कॅफेतला स्वयंपाकी आणि क्वार्टरबॅक स्वतः बाबा. रांगेतली ती पाच माणसं कशासाठी असतात हे विचारायची लाज वाटते असं तू पत्रात लिहिलं होतंस ना? बाबांना ते बघायचं होतं. विरुद्ध बाजूला शेळ्या. आम्ही दोन तास तो खेळ खेळलो. पर्व्हिसबाई रांगेत डावीकडे होत्या आणि त्यांच्या बाजूने एकही शेळी आत आली नाही.

संध्याकाळी बाबांनी मला लिहून घ्यायला लावलं. ती पाच माणसं तुला वेळ काढून देतात. आपल्याकडे तुला दोन आकडे मोजेपर्यंत वेळ मिळायचा. तिथे चार मिळतात. तू दोनवरच फेकतोस, म्हणून जो जवळ दिसेल त्याला देऊन मोकळा होतोस. चार मोज. तेवढंच.

शनिवारी आलास तर मी दार उघडीन, जेवायला वाढीन. पण मग बाबांनी ते वीस यार्ड कोणासाठी वाढवले? मला या घरात तू हवा आहेस रे, रोज हवा आहेस. पण असा हरून नको. आठ तारीख होऊ दे. मग काय वाटेल ते कर.

खाली बाबांनी स्वतः लिहिलंय. त्यांनी पत्रात लिहिलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही, म्हणून पेन्सिलीने असलं तरी खोडलं नाही.

व्हर्नाताई

चि. रॉइस,
मैदान शंभर केलं आहे. रेघेपाशी थांबू नकोस.
बाबा


१२ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी बसस्टँडवर गेलो होतो. बस आली, गेली. मी परत आलो. ओटिसने कुठे होतास विचारलं, मी म्हटलं आकडे मोजत होतो.

आठ तारखेच्या सामन्याचं सांगतो. कोचनी मला शेवटच्या भागात आत पाठवलं. त्यांचे अठ्ठेचाळीस, आमचे शून्य. आपल्याकडे एव्हाना सगळे घरी जाऊन जेवले असते. मी हात मिळवायला गेलो नाही.

पहिला पास चार मोजून फेकला. मिळाला, ज्याला मिळायला हवा त्याला. दुसराही मिळाला. तिसऱ्याला चार मोजले, पाच मोजले, कोणी मोकळं नाही, आणि समोर वाट. मी पळालो आणि रेघेपाशी पाय थांबले. खरंच थांबले, बाबा, खोटं कशाला सांगू. मागून ओटिस ओरडत आला की पळ ना लेका, जमीन कोणाच्या बापाची आहे का. मला एकदम पर्व्हिसबाईंचं कुरण आठवलं. मग पळालो. एकतीस यार्ड. गोलरेघेनंतर कुठे थांबायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळे मैदानाच्या कडेला वाजवणाऱ्या बँडच्या मोठ्या ढोलात घुसलो. ढोल गेला.

अठ्ठेचाळीस–सात असे हरलो. सोमवारी भिंतीवर नवा कागद होता. क्वार्टरबॅक पाच, मी तिसरा. आणि कागदाच्या तळाशी ढोल वाजवणाऱ्याचं नाव लिहून म्हटलं होतं की ढोलाबद्दल त्याची माफी मागावी. मागितली.

आता एक काम आहे. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी सणाला मी येतोय, एकटा नाही. आपल्याकडे सेंटरला चेंडू झेलता येतो हे कळल्यापासून ओटिसने माझं डोकं खाल्लंय. त्याने रांगेतल्या बाकीच्या चौघांनाही सांगितलं. पाचही जण येताहेत. आयुष्यात एकदा तरी पास झेलायचाय म्हणतात. ताई, जेवणाचा अंदाज तिप्पट धर, टर्की दोन लागतील.

बाबा, आपली पाच पोरं आणि मी, मिळून सहा होतात. त्यांचे पाच आहेत, त्यांना एक कमी पडतोय. ताईला त्यांच्याकडून उतरवा. शंभरची रेघ राहू द्या, पण त्या गुरुवारी ऐंशीचीही मारा.

तुमचा लोभ पोचला, पेन्सिलीतलासुद्धा. कोपर वर आहे.

तुमचा,
रॉइस