दहावं नख

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा तटाखालच्या कोठड्यांतल्या राक्षसांची नखं कापणे, पूर्ण शुद्धीवर असून सर्वप्रथम हे नमूद करते, की नोंदणी कचेरीतल्या या टेबलाचा एक पाय आखूड आहे. कारकुनाकडे तीनदा तक्रार केली. "बाई, मृत्युपत्र एकदाच लिहायचंय ना? मग घ्या की चालवून," असं उत्तर मिळालं. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर तो दोष टेबलाचा समजावा, माझ्या डोक्याचा नव्हे.

कारण असं, की उद्या सकाळी मला सात नंबरच्या कोठडीत उतरायचं आहे. मृत्युपत्र दिल्याशिवाय तिची किल्ली मिळत नाही.

कलम १. तटाला चिकटलेलं माझं दोन खोल्यांचं घर शेजारणीला द्यावं. वीस वर्षं ती भिंतीपलीकडून माझ्या घोरण्याचा उद्धार करते आहे. आता भिंतीच्या दोन्ही बाजू तिच्याच.

कलम २. तांब्याचं मोठं पातेलं मावसबहिणीला देऊ नये. बाकी कोणालाही चालेल. का, ते तिला ठाऊक आहे.

कलम ३. तीन कानशी, मोठी पक्कड आणि चामड्याचे हातमोजे माझ्या भाचीला. परवा तालमीतली तिची शेवटची परीक्षा आहे आणि चिठ्ठीत सात नंबर निघाला आहे. तिला आता कळायला हरकत नाही, की परीक्षेच्या आदल्या दिवशी राक्षसाची नखं कानशीने बोथट केली जातात. परवान्यावर 'साफसफाई' लिहितात. शिकणाऱ्यांना सांगायचं नाही, वस्तादांनाही नाही, ही आमच्या धंद्याची रीत. या शहराने चारशे वीर घडवले, एकही फाडला गेला नाही; श्रेय तालीम घेते. घेऊ दे. सात नंबरला मात्र आजवर परीक्षेत कधी सोडलेलं नाही, त्यामुळे त्याच्या नखांना कोणी हात लावलेला नाही. यंदा वरच्यांना हौस आली.

कलम ४. कोठडीत उतरणाऱ्याचं मृत्युपत्र तालमीच्या मुख्य वस्तादाने वाचून सही करायची, असा नियम आहे. मुख्य वस्ताद माझा धाकटा भाऊ. म्हणजे हे तो वाचणार; कलम गाळून सुटता आलं असतं. गाळत नाही.

बावीस वर्षांपूर्वी त्याच्या परीक्षेला दोन दिवस असताना तो जेवताना सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "आमच्या ताईचं काम म्हणजे जनावरांचं न्हावीकाम!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी नऊ नखं घासली आणि दहावं तसंच ठेवलं. एक ओरखडा उठेल, तोंड बंद होईल, एवढाच हिशेब होता. दोन बोटं गेली. त्याच हातावर त्याला वस्तादपद मिळालं. दर वर्षी तो हात वर करून तो नव्या पोरांना भाषण देतो, आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकते.

पुरवणी. वरचा मजकूर भावाने माझ्यासमोर उभ्यानेच वाचला. नियमाप्रमाणे झालेलं बोलणं नोंदवते.

"नऊ बोथट होती, ताई. अंगावर घेतली होती मी. दहावंच कसं धारदार राहिलं, एवढं कळत नाही का मला?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." मग कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "सगळं लिहिलंस. एक वाक्य सोडून."

मी कागद परत घेतला. तो म्हणाला, "उद्या पंजा कोण धरणार?"

"कोणी नाही. म्हणून तर हा कागद."

"मी येतो."

"तीन बोटांनी?"

"पंजा धरायचाय, सुई नाही ओवायची. आणि परीक्षेला बसलेली पोरगी माझी आहे."

त्याचंही मृत्युपत्र आता याच टेबलावर लिहिलं जाईल.

साक्षीदार पहिली: तटाची पहारेकरीण. अंगठा. (वाचता येत नाही, म्हणूनच निवडली.)
साक्षीदार दुसरा: तालमीचा मुख्य वस्ताद, धाकटा भाऊ. सही डाव्या हाताने.
स्थळ: नोंदणी कचेरी, तटाखाली.
दिनांक: परीक्षेच्या दोन दिवस आधी, दुपार.

सहीच्या वर थोडी जागा उरली आहे, ती धाकट्याच्या देण्यापोटी वापरते: तुझी दोन बोटं माझ्या रागाने गेली. माझं चुकलं.

(सही) ताई