लिएनच्या विहिणीचे मृत्युपत्र

मी, सुलेखा शिरीष टिपणीस, वय बहात्तर, राहणार सेरंगून, सिंगापूर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. स्मरणशक्ती इतकी चांगली आहे की तिचाच त्रास होतो.

१. माझी राहती सदनिका मुलगा मुकुल आणि सून माय यांना समान हिश्श्याने मिळावी. सीपीएफचे, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचे, नामनिर्देशन वेगळे केले आहे. या मृत्युपत्राचा अंमल मुकुलने करावा.

२. माझ्या पाटल्या, नथ आणि जांभळी पैठणी नात ऋता हिला ती अठरा वर्षांची झाल्यावर द्यावी. पैठणीबद्दल थोडे लिहिते. मुकुलच्या लग्नाच्या सकाळी तिचा फॉल उसवला, तेव्हा मायची आई लिएन हिने तो उभ्याउभ्या असा शिवला की टाका दिसेना. पाहुणे फॉलचेच कौतुक करत बसले. दिवस मुलाच्या आईचा होता. तो विहीणबाईंनी माझ्याच निऱ्यांतून काढून नेला.

३. माझे शिलाई मशीन महाराष्ट्र मंडळातल्या एखाद्या गरजूला द्यावे. ते नवे आहे, पण घरात कोणाला नको. ऋताने बाचे जुने मशीन मागून घेतले. आईची आई म्हणून ती लिएनला व्हिएतनामी रीतीने 'बा' म्हणे. तिचा पहिला शब्दही तोच. मी 'आजी' शिकवत होते.

खोटे लिहायचे नाही, म्हणून हेही नोंदवते. लिएन व्हिएतनाममधल्या कँ थोहून पाच वर्षांच्या मायला घेऊन, इथल्या एका विधुराशी लग्न करून आली. तीन वर्षांत तो गेला आणि त्याच्या नातलगांनी दोघींना घराबाहेर काढले. भाड्याच्या एका खोलीत लोकांच्या पँटी आखूड करून तिने मुलीला इंजिनिअर केले. माय आज वन-नॉर्थच्या तंत्रज्ञान वसाहतीत नोकरी करते. पुढे लिएनने इमारतीखाली छोटा गाळा घेतला आणि नव्याने आलेल्या व्हिएतनामी बायकांना फुकट शिवण शिकवले. त्या बायकांना पोळ्या शिकवायला तिने मला एकदा बोलावले होते, तेव्हा ऋताच मला सांगत होती, "आजी, नॉट लाइक दॅट लाह. बा स्लोली शिकवते."

४. आता जे कोणालाच सांगितले नाही ते.

गेल्या वर्षी मे महिन्यात लिएनने मला गाळ्यात बसवून तिच्या मोडक्या इंग्रजीत सांगितले, "डॉक्टर म्हणतो, पोटात खराब आहे. मायला नको सांगू. तिचे मोठे काम जूनअखेर संपते, मग मी सांगते."

मी तिचा हात धरला. घरी आले आणि ऋताची व माझी पुण्याची तिकिटे काढली. तिकिटे मी त्यानंतर काढली, हे स्पष्ट असावे. शाळेला सुट्टी होती, आणि मला ती मुलगी एकदा तरी पूर्ण माझी हवी होती.

लिएनला सांगितले तेव्हा तिने मशीन थांबवले. "किती दिवस?"

"तीन आठवडे."

दोरा तोडून म्हणाली, "ने. तू पण आजी."

आम्ही पुण्यात असताना अकराव्या दिवशी ती गेली. आम्ही परत पोहोचलो तेव्हा शवपेटीजवळ पन्नास-साठ बायका उभ्या होत्या, सगळ्या तिच्या हाताखाली शिकलेल्या. ऋता रडत होती आणि मी बायका मोजत होते. माझ्या वेळी इतकी माणसे येतील का?

५. वरचे कलम मी मरेपर्यंत झाकून ठेवणार होते. गेल्या रविवारी ते मायला वाचून दाखवले. तिने हातातला कप खाली ठेवला.

"आई, मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला आजार आधीच ठाऊक होता, हे तिनेच मला सांगितलं. हॉस्पिटलमध्ये मी तुम्हाला फोन लावत होते, ऋताला परत आणा म्हणून. माझ्या आईने फोन काढून घेतला. म्हणाली, ऋता झाल्यापासून सुलेखा आठ वर्षं वाट बघतेय. तिला तीन आठवडे मिळू देत."

"मग तू वर्षभर बोलली का नाहीस?"

"आईला वचन दिलं होतं. पण मला राग आहे, आई. अजून आहे."

मी म्हटले, "असू दे. असायलाच हवा."

त्यानंतर मी खूप रडले. त्यात पश्चात्ताप होता, पण सगळा पश्चात्ताप नव्हता. मरतानाही ती मोठेपणात माझ्यापुढे निघून गेली, आणि आता तिला गाठायची सोय नाही.

६. ऋताला दर वर्षी लिएनच्या स्मृतिदिनाला कँ थोला न्यावे. तिथे तिच्या अस्थी आहेत. तिच्या गावी पूर्ण अकरा दिवस राहावे. खर्च माझ्या ठेवीतून व्हावा आणि ही ठेव दुसऱ्या कशालाही वापरू नये.

माझ्या वर्षश्राद्धाला पुण्याला कोणी गेले नाही तरी चालेल.

वरचे वाक्य खोडू नये, पण ते खरे नाही. चालणार नाही. एकदा तरी जावे, आणि ऋताला न्यावे.

हे सारे मी वाचून, समजून, खालील दोघांच्या एकत्र उपस्थितीत सही केली.

सही: सुलेखा शिरीष टिपणीस

साक्षीदार:
१. मीनल कर्णिक, शेजारीण
२. प्रबोध वाघमारे, मुकुलचा मित्र

सेरंगून, सिंगापूर
१६ ऑगस्ट २०२५